मधली फट

नळीतला काळा रंग आमच्या वर्गात कुणी वापरत नसे. काळं हवं असेल तर निळ्यात तपकिरी मिसळायचं.

बाबांच्या गोळ्या चार रंगांच्या होत्या. पांढरी अर्धीच घ्यायची.

चित्रकलेला येण्याआधी मी दोन वर्षं नकाशे काढायच्या ऑफिसात होते. तिथे एका मिलिमीटरची चूक झाली तर कुणाची तरी भिंत शेजाऱ्याच्या अंगणात उभी राहते.

आत्याला गाता येत नाही, पण ती गाते.

डोळे बारीक करून बघितलं की सगळं फालतू गळून पडतं.

हे शेवटचं वाक्य आमच्या सरांचं. त्यांना सगळे ‘गाळणी’ म्हणायचे, आणि त्यांना ते माहीत होतं. तिसऱ्या वर्षाला त्यांनी एकच काम दिलं. एका खोलीची अकरा चित्रं. प्रत्येकात आधीच्यापेक्षा काहीतरी कमी. अकराव्यात दोनच आकार उरले पाहिजेत.

“आणि तरी ती तीच खोली वाटली पाहिजे,” ते म्हणाले. “नाहीतर सरळ पडदे रंगवायला जा.”

मी आमची मधली खोली घेतली. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते, आणि तीन महिने त्यांना एकटं ठेवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळी मी कॉलेजला आणि आत्या घरी. दुपारी ती शिवणाच्या क्लासवर शिकवायला आणि मी घरी. आई मला आठवतही नाही. मला बाबा हवे होते, आणि ते तीन महिने नीट पार पडायला हवे होते. चित्रं त्यानंतर.

चित्र १. वगळलं: काही नाही.

“हे नाक माझं नाही,” बाबा म्हणाले. “बटाटा आहे.”

“हलू नका, बाबा.”

“मी कुठे हललो? नाकच हललं असेल.”

खुर्ची, तिच्यात बाबा, उजवीकडे खिडकी, डावीकडे तीन पावलांवर लाकडी कपाट. मध्ये फिकट पिवळी भिंत. नीट, कंटाळवाणं चित्र.

चित्र ३. वगळलं: नाक, कपाटाच्या मुठी, फरशीच्या रेघा.

डोळे बारीक करायला त्या दिवशी जमलं. पापण्या इतक्या मिटायच्या की तपशील विरघळतो आणि नुसते उजेडाचे आणि सावलीचे ठोकळे उरतात. कपाटाचा ठोकळा. बाबांचा ठोकळा. आणि दोघांच्या मध्ये अजून एक, उभा, बाबांच्या डोक्यापेक्षा थोडा उंच.

डोळे उघडले. पिवळी भिंत.

पुन्हा बारीक केले. होता.

जे दिसतं ते रंगवायचं, एवढंच शिकले होते. रंगवला.

गाळणी चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. “हा आकार कुठून आणलास?”

“दिसला, सर.”

“वा. सगळं चित्र त्याच्या जिवावर उभं आहे.”

चित्र ४. वगळलं: पडदा, खुर्चीचे पाय.

मी अंधश्रद्धाळू नाही. चष्मा तपासून घेतला, नंबर तोच. पडदा काढून धुवायला टाकला. कपाट रिकामं करून दारं उघडी ठेवली. मोबाइलवर फोटो काढले. फोटोत भिंत होती. तीन वाजता पाहिलं, पाचला पाहिलं. सावल्या सरकल्या. तो सरकला नाही.

म्हणजे उन्हाबरोबर सरकला नाही. आम्ही मापं घेतो ती हात ताठ करून, ब्रश उभा धरून, अंगठ्याच्या नखानं. तिसऱ्या चित्राच्या वेळी त्याच्या आणि बाबांच्या खांद्याच्या मधली फट दोन नखं होती. आता दीड.

आत्या त्या दिवशी लवकर आली. “इथे उभी राहा,” मी म्हटलं. “डोळे बारीक कर आणि बाबांकडे बघ.”

“मी डोळे बारीक केले की घोरायला लागते, माहितीये ना तुला?”

पण तिनं केले. हसत होती, ती थांबली. मग सरळ जाऊन तिनं खुर्ची, बाबांसकट, वीतभर खिडकीकडे ओढली.

“अगं, मी काय सामान आहे का?” बाबा म्हणाले.

“तिकडून वारा लागतो, दादा.”

त्या बाजूला खिडकी नाही. संध्याकाळी आत्या गायली नाही. मी विचारलं तर म्हणाली, “मला तुझ्या चित्रातलं काही कळत नाही. पुन्हा मला उभी करू नकोस.”

दुसऱ्या दिवशी मी माप घेतलं. खुर्ची सरकली होती, तरी दीड नखच होतं.

चित्र ८. वगळलं: खुर्ची, खिडकीची चौकट, बाबांचे हात.

हे वर्गात पूर्ण करत होते. फट आता केसाएवढी राहिली होती, पिवळ्या रंगाची एक उभी रेघ. गाळणी मागे येऊन उभे राहिले.

“दोन गडद आकार शेजारी आले की काय करायचं?”

“एकत्र करायचे.”

“मग त्या रेघेचे लाड कशाला?”

पहिल्या वर्षापासून घोटलेला नियम. हात आपोआप गेला. निळ्यात तपकिरी मिसळून मी वरून खाली एक फटकारा मारला. सव्वाअकरा वाजले होते. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. चित्र एकदम शांत झालं.

घरी आले तेव्हा बाबा डावीकडे कलून बसले होते. खुर्चीच्या हाताच्याही पलीकडे, हवेत. इतकं कलल्यावर माणूस पडतो. ब्रश धरून मोजायचीही गरज नव्हती.

“बाबा, सरळ बसा.”

“बसू दे गं,” ते म्हणाले. डोळे मिटलेले. “कधीपासून टेकायला हवं होतं.”

“कधीपासून बसलेत असे?” मी आत्याला विचारलं.

“सव्वाअकरापासून,” ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

सकाळी वर्ग उघडताच मी गेले. रंग ओला होता. सुरीच्या टोकानं ती फट पुन्हा खरवडली, खालचा पिवळा दिसेपर्यंत.

दहा मिनिटांत आत्याचा फोन आला. “दादा पडला. बसल्या बसल्या. मनगट सुजलंय, छाती दुखते म्हणतोय. तू काय केलंस?”

‘तू काय केलंस’ असं तिनं का विचारावं, याबद्दल आम्ही दोघीही बोललो नाही.

मी अंगठ्यानं फट बुजवली. फोनमध्ये मागून बाबांचा आवाज आला, “आता बरंय.”

राहिला एकच उपाय. तो आकार पूर्ण काढायचा, बाबा ठेवायचे. कॅनव्हास घरी आणला, भिंतीचा पिवळा कालवला आणि ब्रश टेकवणार तेवढ्यात थांबले.

बाबा कुठे संपतात?

कड मीच पुसली होती. दोन वर्षं कडांचीच नोकरी केलेल्या मुलीनं.

समोर बाबा बसले होते. कललेले, बँडेज बांधलेले, हसरे. त्यांच्याकडे बघून कड शोधावी म्हणून डोळे बारीक केले.

एकच आकार होता.

उघडले. बाबा.

बारीक केले. एकच. कपाटापासून खिडकीपर्यंत.

“झालं का गं?” त्यानं विचारलं.

मी ब्रश खाली ठेवला.

चित्र ९, १०, ११.

काढली नाहीत. परीक्षेला आठच लावली. गाळणींनी आठव्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, मग ते उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. “आठ पुरेत,” म्हणाले. पास केलं.

तीन महिने झाले. डॉक्टर म्हणतात, हृदय उत्तम आहे. बाबा चालतात, जेवतात, माझ्या चित्रांना नावं ठेवतात. डावा खांदा थोडा खाली असतो. मी त्यांच्याशी बोलताना डोळे पूर्ण उघडे ठेवते. उन्हात उभे असले तरी.

ऑपरेशनच्या सकाळी आत्या आणि मी रस्त्यात अडकलो होतो. पोहोचलो तेव्हा बाबांना आत नेलं होतं. फॉर्म त्यांनी स्वतःच भरला होता. ‘सोबत किती जण’ या रकान्यात त्यांच्या अक्षरात ‘एक’ असं लिहिलं होतं.