माघार

"पूर्वी ज्या गोष्टींत तुम्हाला रस वाटायचा, त्यांत आता वाटतो का?" सदफने वाचलं.

"रस? उसाचा लई आवडतो," लेकीला भेटायला फुलंब्रीहून आलेल्या गीताबाई म्हणाल्या. "पण डाक्टरनं गोड बंद केलं नं."

हातमागावर बसलेला माणूस हसला. सदफने रागाने वळून पाहिलं. मनोरुग्णांच्या पुनर्वसन केंद्रातला तिचा पहिला दिवस, पीएच.डी.ची पहिली मुलाखत, आणि प्रश्न तिनेच इंग्रजीतून मराठीत आणलेले.

"असं कोण बोलतं, मॅडम? 'जीव रमतो का' विचारा."

तिने विचारलं. गीताबाई पदर सावरून बसल्या... आणि मग तासभर बोलत राहिल्या.

त्याचं नाव जुनेद. त्याचा थोरला भाऊ नवाब एका कारखान्यातल्या स्फोटातून वाचला, पण बोलायचा थांबला. त्याला इथे ठेवलं तेव्हापासून जुनेद इथेच हिमरूचं नक्षीदार कापड विणायला शिकवायचा. सदफ मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. मुलाखती आटोपल्या की मागाशेजारी बसून प्रश्न वाचायची, आणि तो शब्द सुचवायचा. दोरा दातांनी तोडताना तो तिच्याकडे बघायचा. ती घाईने वहीत बघायची. दुसऱ्यांच्या मनावर प्रबंध लिहायला निघालेली हुशार मुलगी, पण स्वतःचं मन कळेपर्यंत हिवाळा आला.

रुग्णांच्या चाळीस नातेवाइकांच्या मुलाखती हव्या होत्या. एकोणचाळीस झाल्या. मुदत आठवड्यावर आली, आणि उरला तो जुनेदच. विद्यापीठाचा नियम स्पष्ट होता : जो अभ्यासात आला, त्याच्याशी दुसरं कसलंही नातं नको. म्हणूनच ती त्याची मुलाखत टाळत आली होती. शेवटी मन घट्ट करून तिने संमतिपत्रावर त्याची सही घेतली.

सातवा प्रश्न आला. "तुमचा जीव... आता कशात रमतो का?"

मागाची खटखट थांबली.

"भाईचं असं झाल्यापासून नाय रमला," तो म्हणाला. "आता मंगळवारी रमतो... शुक्रवारी पण."

तिचे डोळे भरून आले. हे उत्तर लिहिलं असतं, तर तो कायमचा अभ्यासातला चाळिसावा झाला असता. ते तिला सोसवणार नव्हतं. तिने पेन खाली ठेवलं, संमतिपत्र उलगडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"'सहभागी व्यक्ती कारण न देता केव्हाही माघार घेऊ शकते,'" त्याने वाचलं. त्याचा चेहरा उतरला. "समजलं, मॅडम. चुकलंच माझं." तो उठला.

"बसा," सदफ म्हणाली. "अभ्यासातून घ्या माघार, जुनेद... माझ्यापासून नको."

तो परत बसला आणि ती ओळ त्याने पुन्हा वाचली. मग ओळीखाली सावकाश माघारीची सही केली.

"आता तुमचे चाळीस?"

"एकोणचाळीसच. तीन महिने मुदत वाढवून घेते; नवीन कुणी मिळेपर्यंत यावं लागेल."

"मंगळवार-शुक्रवारच?"

"रविवारी केंद्र बंद असतं," तिने वही मिटली. "मी मोकळी असते."