गाडीला जाळी लागली

"ओ, थांबा! थांबा म्हणते ना!"

मी ओरडत होते आणि माझी राणी रंगाची ओढणी त्याच्या गाडीच्या मागच्या चाकात सरसर गुंडाळली जात होती. परळीचा भर बाजार, गणपती तोंडावर आलेले, मुंगीला शिरायला वाट नाही. नेमका वारा सुटला आणि नेमकी ह्याचीच मोटारसायकल अंगाला घासून गेली! मी ओढणी सोडली म्हणून वाचले, नाहीतर तिच्यामागं मीही चाकातच गेले असते.

तो गाडी स्टँडवर लावून धावत आला. उंच, किडकिडीत, भुवयांवर थर्मल वीजकेंद्राची राख बसलेली.

"ताई, लागलं तर न्हाई ना?"

ताई! आधीच डोकं तापलेलं, त्यात हे ताई.

"मला न्हाई, ओढणीला लागलं. गाडीची जाळी कुठं गेली तुमच्या? साडीगार्ड देत्यात ना नव्या गाडीला?"

"काढून टाकली."

"कावून?"

त्यानं मान खाजवली. "जाळी असली की… गाडी लगीन झाल्यावानी दिसती."

तसं खोटं नव्हतं ते. आमच्याकडं पोरगं नवी गाडी घेऊन घरी आलं की हार सुकायच्या आत साडीगार्ड काढून माळ्यावर टाकतं. मग कधीतरी सुपारी फुटते आणि ती जाळी गपचूप खाली येते. म्हणून तर गल्लीतल्या बायका आधी गाडीकडं बघतात. 'त्याच्या गाडीला जाळी लागली' म्हटलं की पुढचं कुणाला फोडून सांगावं लागत नाही.

त्यानं वाकून ताराताराला अडकलेली ओढणी सोडवली. ग्रीसनं काळी झालेली, मधून फाटलेली.

"तसलीच आणून देतो," तो म्हणाला.

"नका आणू. बघून चालवा, तेवढं बास."

मी फणकाऱ्यानं निघाले खरी… पण वळणावर मागं वळून बघितलं. तो तिथंच उभा होता, चिंधी हातात घेऊन.

पुढच्याच आठवड्यात तो आमच्या दुकानात आला. 'बंकट कुशन वर्क्स', म्हणजे माझ्या वडलांचं, आबांचं दुकान. आबा रेक्झिन कापतात, मी मशिनवर गाड्यांची सीट कव्हरं शिवते. मला मशिनवर बघून तो दारातच थबकला.

"तुमी… हितं?"

"मग काय तुमच्या चाकात असते?"

आबांनी चष्म्यावरून बघितलं. मी घाईघाईनं मान खाली घातली.

त्याचं नाव आदिनाथ. धारूरच्या पुढच्या एका खेड्यातला, परळीच्या थर्मलमध्ये कंत्राटी वायरमन, इथंच खोली घेऊन राहणारा. गाडी जुनी, कुणाकडून तरी घेतलेली, पण जीव सगळा तिच्यावर. खिशाला न परवडणारी हौस हा गडी टाकाऊ सामानातून भागवायचा. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे साबणाच्या पाण्यातून सरकवून त्यानं हँडलला मुठी केल्या. शेजारच्या कासमभाईंच्या गॅरेजातून फाटकी ट्यूब उचलून मागचा चिखलपडदा कापला. नळाच्या पाइपचा तुकडा बाजूला अडकवून त्यात पाण्याची बाटली ठेवली. आणि ह्यातल्या प्रत्येक गोष्टीला कुठंतरी एक टाका, कुठंतरी एक भोक माझ्याकडूनच हवं असायचं.

"सीटला काळं टाकू का?" मी विचारलं होतं.

"काळं नगं. राख लई दिसती त्यावर."

"मग राखेच्याच रंगाचं टाका. पुसायची कटकट न्हाई."

तो असा हसला, जशी मी काही फार मोठी गोष्ट सांगितली. त्या दिवसापासून 'ताई' बंद झालं. नावही घेईना. नुसतं "ओ कुशनवाल्या…"

बाटलीच्या पाइपाला आतून रेक्झिन लावायला आला तेव्हा आबा चहाला गेले होते.

"एवढं तर खोलीवर सुईनं शिवता आलं असतं," मी म्हटलं.

"सुई टोचती."

"आन थर्मलात करंट लागत न्हाई वाटतं?"

"तिथं न्हाई लागत…" तो पाइपाकडं बघत म्हणाला. "हितं लागतो."

माझ्या मशिनची सुई तुटली. तुटणारच.

मग मला काही सुचेनासं झालं. रस्त्यावरून शंभर गाड्या जायच्या, पण त्याच्या गाडीची ती फुटक्या सायलेन्सरची खोकल्यासारखी भकभक लांबूनच कळायची. कळली की टाका वाकडा. नाही कळली की त्याहून वाकडा. उठून पाणी प्यायचे, बसायचे, परत उठायचे. "सुया खातीस का गं तू?" आबा म्हणायचे.

अशात वनमालाआत्यानं अंबाजोगाईचं स्थळ आणलं. फोटो त्यांना पसंत होता. दसऱ्याला दुपारी पाहुणे येणार, आणि मी हो म्हटलं तर तेव्हाच सुपारी फोडायची.

"तुझ्या मनात दुसरं काय असंल तर आत्ताच सांग मोहिनी," आबा म्हणाले. "सुपारी फुटल्यावर मला तोंडघशी पाडू नगं."

"विचार करून सांगते," मी म्हटलं. विचार कसला डोंबलाचा! मी एका शब्दाची वाट बघत होते. तो आला की बोलेल, आज बोलेल… नाहीतर मीच काहीतरी खोदून काढीन.

तो आला. आणि काखेत काय होतं? साडीगार्ड! भंगारातून आणलेला, घासूनपुसून स्वतः काळा रंगवलेला.

माझी मशिन थांबली.

"जाळी लावताय?" आबांनी विचारलं. "म्हंजे ठरलं म्हणायचं!"

"जवळजवळ," तो लाजत म्हणाला. "समोरून होकार यायचाय अजून."

मी मशिन जोरात चालवली. कापड नव्हतं खाली, तरी चालवली. तेवढ्यात त्यानं बाहेर जाऊन जाळी गाडीला अडकवली.

"ओ कुशनवाल्या… खालची पट्टी हाय ना पाय टेकायची, ती लई खाली हाय वाटतं. जरा बसून दाखवता का?"

"कावून? मी काय मापाचा पुतळा हाय?"

"न्हाई, पण… उंची तुमच्याएवढीच हाय."

तुमच्याएवढीच! म्हणजे हा दुसरीला मिरवणार आणि माप माझ्यावर घेणार! वाटलं, कात्री फेकून मारावी. पण आबांसमोर तमाशा कुठं करता? मी उठले, गाडीवर एका बाजूनं बसले. पाय पट्टीपर्यंत पोचेना, लोंबकळत राहिला. त्यानं माझा खडू घेतला, वाकला आणि चप्पल जिथं येत होती तिथं जाळीवर हलकेच रेघ मारली. त्याचे केस माझ्या गुडघ्याजवळ होते. राखेचा आणि साबणाचा वास आला. रडू आलं मला, आणि त्याचा त्याहून जास्त राग आला.

"झालं माप?" मी उतरले. "कासमभाईंकडून पट्टी वर घ्या. आन अक्षता टाकायला बोलवा."

"बोलवायचं काय त्यात?" तो गोंधळून म्हणाला. "तुमी तर…"

"मला लई काम हाय."

तो गेला. रस्ता ओलांडेपर्यंत त्याची पाठ मला दिसत होती. मग मी आबांना म्हणाले, "येऊ द्या अंबाजोगाईवाल्यांना."

दसऱ्याच्या सकाळी आत्याचा फोन आला, साडीच नेस म्हणून. नेसले. आरशात बघवेना. दुकानात शिलाई मशिनची पूजा करायची होती, म्हणून हळदीकुंकवाचं ताट घेऊन आले, मशिनला झेंडूची माळ घातली. हात चालत होते, जीव मात्र कुठंच थाऱ्यावर नव्हता.

आणि भकभक ऐकू आली.

धुतलेली गाडी, हँडलला झेंडू, अंगात पांढरा सदरा. आज भुवयांवर राख नव्हती. त्यानं मला साडीत बघितलं आणि गाडी बंद करायचंच विसरला.

"तुमाला… कुणी सांगितलं? साडी नेसायला?"

"दुपारी मला बघायला येणार हायेत."

त्याचा चेहरा असा उतरला की मला माझाच राग विसरायला झालं. मी नजर चुकवायला खाली बघितलं, तर समोर ती जाळी. पट्टी वर सरकवलेली. आणि जाळीच्या दांडीला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नायलॉनची दोरी गुंडाळलेली, घट्ट, एकसारखी…

राणी रंगाची.

"हा रंग…"

"तसली ओढणी लई शोधली," तो पुटपुटला. "बीडला गेलतो, लातूरला गेलतो. न्हाई गावली. दोरी गावली."

"म्हंजे ही जाळी…"

"आई म्हणली, पोरगी मागायला जायचं तर आदी गाडीला जाळी लाव. भुरट्यावानी जाऊ नगं. म्हणून आणली. मला वाटलं, जाळी बघून तुमाला कळंल."

"कसं कळंल? तोंड दिलंय ना देवानं?"

"आबा बसलेले समोर! आन सांगितलं की मी… उंची तुमच्याएवढीच म्हणून!"

"आवो, माझ्याएवढ्या उंचीच्या परळीत किती जणी हायेत!"

"मी कुठं मोजल्यात?" तो म्हणाला. "मला एकच दिसती."

ताट माझ्या हातातच होतं. चिडावं की रडावं, कळत नव्हतं. मग मी कुंकवात बोट बुडवलं आणि त्याच्या गाडीला लावलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"ही पूजा कुणाच्या गाडीची चाललीय?"

मागं आबा उभे होते. कधीपासून, देव जाणे.

"आबा," मी म्हणाले. "मी चुकले. येऊ द्या म्हणायला नको होतं. मला हाच पायजे."

आबांनी त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग कितीतरी वेळ त्या दोरीकडं.

"आन अंबाजोगाईवाले? निघाले असतील ते. त्यांना काय सांगू?"

"सांगा… जाळी लागली म्हणून."

आबांनी खिशातून फोन काढला, चष्मा सारखा केला. "वनमाले, पाहुण्यांना थांबव बाई. न्हाई, भांडण न्हाई. आमच्या मोहिनीच्या गाडीला जाळी लागली." पलीकडून आत्या एवढंच म्हणाली, "थांबवते." जाळी म्हटल्यावर विचारायचं काय राहतं? आबा मात्र फोन ठेवून त्याच्याकडं वळले. "तू आधी आईला घेऊन ये. मग बोलू."

"आजच आणतो," तो म्हणाला, आणि माझ्याकडं वळून हळूच, "पट्टी… नीट बसली का बघायची होती. कासमभाई म्हणले, माप एकदा तपासून घे."

आबा एकदम मशिनच्या माळेकडं बघायला लागले, जणू पूर्वी कधी झेंडूच बघितला नव्हता.

मी निऱ्या सावरल्या आणि एका बाजूनं बसले. पदर जाळीच्या अलीकडंच राहिला. पाय खाली सोडला… आणि तो पट्टीवर बरोब्बर टेकला.