न मारलेल्या फेऱ्या

चार वाजता कृपानं पडवी फिनेलच्या पाण्यानं पुसली, हात धुतले आणि दळणाचा डबा कमरेवर घेतला. "एस्तेरताईंचा फोन यायच्या आत उठा. पडवीत तीस फेऱ्या मारायच्यात," असं नवऱ्याला बजावून ती गिरणीकडं निघाली. भर उजेडातली गोष्ट आहे ही. घाबरायचं असेल तर दिवा मालवायची गरज नाही.

नवरा म्हणजे शांतवन, पारनेर डेपोचा कंडक्टर. याच्या गाडीत तिकिटाबरोबर एक थाप फुकट मिळायची. घाटात ब्रेक गेलेली एसटी आपण नुसत्या शिट्टीवर थांबवली, हे त्यानं इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटी ड्रायव्हरलाही ते आठवायला लागलं. मग रक्ताचा कॅन्सर निघाला आणि गडी गप्प झाला. धाकटी बहीण एस्तेर, पुणतांब्याच्या शाळेतली बाई, पुण्याच्या दवाखान्यात चार तास मशीनजवळ हात पसरून पडून राहिली. तिच्या रक्तातल्या मूळपेशी याच्या अंगात सोडल्या. पुढं शांतवनचा रक्तगटसुद्धा बदलून तिचा झाला.

घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आमचं काम झालं, आता तुमचं. मनाला घोर लावून, झोप उडवून अंथरुणात पडून राहिलात तर नवं रक्त धरायला वेळ लागतो. रोज चाला. आणि आम्हाला खोटं सांगू नका."

खोटं सांगू नका, हे आपण कोणाला सांगतोय ते बाईंना काय ठाऊक.

चालायचं म्हटलं की शांतवन आधी रस्त्याकडं बघायचा. टक्कल पडलेला, मास्क लावलेला, भिंत धरून सरकणारा माणूस रस्त्यावरून दिसतो, आणि त्या रस्त्यानं डेपोतली माणसं जातात. त्यापेक्षा भिंतीकडं तोंड करून खाटेवर पडलेलं बरं. सव्वाचारला फोन वाजला.

"दादा, किती झाल्या?"

"तीस. वर दोन जास्तीच्या."

"दमला न्हाईस ना?"

"मी? पार पाथर्डीपर्यंत गेलो असतो. चहा गार हुईल म्हणून वळलो."

एस्तेर हसली. याला बरं वाटलं, आणि लगेच वाटेनासं झालं.

पाचला कृपा परतली ती पायरीवरच थबकली. "फरशी वाळू तरी द्यायची. सगळी पावलं उमटवून ठेवली की." रागवायचं सोडून ती हसत होती. शांतवन दारापर्यंत आला. शहाबादी फरशीवर जाणारी नि येणारी पावलं एकावर एक पडली होती. तो नुसतं "हं" म्हणाला. पावलं कोणाची ते न बघता न केलेल्या कामाची शाबासकी त्यानं खिशात घातली.

मग आकडा वाढत गेला. चाळीस. पन्नास. साठ. आणि गंमत म्हणजे रिपोर्टही सुधारत गेले. तपासणीला गेल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्यासारखा पेशंट नाही. दुसऱ्यांशी बोलाल का, त्यांना धीर येईल." शांतवननं मान खाली घातली ती गाडी पारनेरला येईपर्यंत वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी "साठ" सांगून फोन ठेवल्यावर तो भिंतीकडं न वळता दाराकडं तोंड करून पडला. पडवीत कोणी नव्हतं. फिनेलचा वास होता, लांब कुठंतरी ट्रॅक्टर होता. आणि मग... चप.

ओल्या फरशीवर एक पाऊल उमटलं. त्याच्यापुढं दुसरं. चप... चप... वरती माणूस नव्हतं. पावलं खांबापर्यंत गेली, वळली, परत आली. लहान, बाईमाणसाची. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

शांतवन खाटेवर उठून बसला. ती करंगळी खरी कशी गेली हे जगात दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि एस्तेरला. तो बारा वर्षांचा, एस्तेर सहाची. सायकलच्या कॅरिअरवर बसलेली. तिचा पाय चाकाच्या तारांत गेला, करंगळी तुटली, आणि यानं वडिलांना सांगितलं, तिनंच उडी मारली.

दुसऱ्या दिवशी फोनवर तिचा आवाज बारीक होता.

"पाय लई दुखत्यात रे. घोटे सुजल्यात. काल वर्गात चक्कर आली. तुझा फोन ठेवला का मला गुंगीच येती... उठते तं टाचा ओल्या. आन् फिनेलचा वास येतो. आमच्यात तं फिनेल बी न्हाई."

शांतवनच्या जिभेवर साठ तयार होता. सवयीचा होता तो. त्यानं गिळला.

"एस्तेर... आज शून्य."

"आन् काल?"

"काल बी. घरी आल्यापासून एक बी न्हाई."

मग तिनं हळूच विचारलं, "आन् सायकल?"

"तू उडी न्हाई मारली. मी... हात सोडून चालवत हुतो."

"चाळीस वर्षं झाली, दादा. मला वाटलं, आता तुला बी उडीच आठवत असंल. उद्या चाल."

दुसऱ्या दिवशी कृपा गिरणीत गेल्याबरोबर तो उठला. फरशी ओलीच होती. भिंत धरून, मास्क लावून, रस्त्यावरून दिसत चालला. ड्रायव्हर आसाराम सायकल थांबवून म्हणाला, "काय कंडक्टर, डबल बेल दिऊ का?" शांतवनचे कान तापले, पण तो थांबला नाही. सात फेऱ्या झाल्या. फोनवर त्यानं सातच सांगितल्या.

"काल फोन ठेवल्यावर गुंगी न्हाई आली," एस्तेर म्हणाली. "पाय हलके हायेत."

फोन ठेवून तो मागं वळला. सात फेऱ्यांची पावलं फरशीवर होती. नीट पाहिलं आणि खांबाला टेकला. डाव्या पावलांना... चारच बोटं.

त्यानं आपला पाय उचलून पाहिला. पाच. करंगळी दाबून ओल्या फरशीवर ठेवला, जपून उचलला.

चार.

फाटक वाजलं. कृपा डबा घेऊन आत आली तर नवरा गुडघ्यावर बसून फडक्यानं फरशी घासत होता.

"अहो, हे काय?"

"काही न्हाई. पाणी सांडलं," शांतवन म्हणाला.

आणि पडवीच्या त्या टोकाला, खांबापाशी... चप.