स्कोअरबोर्डवरचा सतरा

“शून्य-शून्य टाक म्हणलं ना! हे अठ्ठ्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी कुठून आलं?” रामप्रसादनं लांबूनच विचारलं.

“मी कुठं टाकलं? त्यानंच दाखवलं!” विश्वजीत लॅपटॉपवर वाकून ओरडला. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. “ए, वायर हलवलीस का तू?”

“मी कशाला हलवू?” दहा वर्षांचा रामप्रसाद मैदानाच्या भिंतीवर बसून पाय हलवत होता. “मी तर इतक्या लांब बसलोय!”

दुपारचे तीन वाजले होते. मे महिना, साल २०१६. शेंद्र्याच्या बाजूनं कारखान्यांच्या शेड दर महिन्याला वाढत होत्या आणि विहिरींचं पाणी दर महिन्याला खाली जात होतं. अशा उन्हात कुत्रंही सावली सोडत नाही. पण ही तीन पोरं मैदानावर हजर होती, कारण आज तात्यासाहेबांच्या कबड्डी स्पर्धेचा पाचवा दिवस होता. फायनल! आणि फायनलसाठी तात्यासाहेबांनी क्रांती चौकातल्या एका दुकानातून चक्क इलेक्ट्रॉनिक स्कोअरबोर्ड आणला होता. तो चालवायचं काम त्यांच्या नातवाकडे, म्हणजे विश्वजीतकडे होतं. विश्वजीत शहरात राहायचा, नववीत जाणार होता, आणि कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं असं त्याचं ठाम मत होतं.

प्रांजलीचं मत जरा वेगळं होतं. ती बिरोबावस्तीची, रामप्रसादची मोठी बहीण. ती गुपचूप बोर्डासोबत आलेला कागद वाचत बसली होती.

“विश्वजीत, अठ्ठ्याऐंशी म्हणजे बोर्ड स्वतःचे सगळे दिवे तपासतोय. इथं लिहिलंय. आता पोर्ट निवड. तू तीन निवडलाय, आपली डबी चारवर दिसतेय.”

डबी म्हणजे लॅपटॉपला लावलेली छोटी काळी पेटी. तिला बोटभर अँटेना होती. लॅपटॉपवर आकडा टाकला की डबी तो हवेतून बोर्डाकडे पाठवायची, लांब वायर ओढायची भानगडच नाही. विश्वजीतनं नाक मुरडत चार निवडलं. बोर्डावर आता आकड्यांची नुसती खिचडी झाली.

“आता स्पीड. छप्पन्नशे नाही रे, शहाण्णवशे!”

टिक! बोर्डावर लालभडक ०० – ०० उमटलं. रामप्रसादनं भिंतीवरूनच शिट्टी मारली.

“बघितलं? जमवलं की नाही मी!” विश्वजीत म्हणाला.

“व्हय, तूच जमवलंस,” प्रांजली हसून म्हणाली. “पण बोर्ड नंबर एक, चॅनल एक, हे कारखान्यातून आलं तसंच आहे. जवळपास दुसरा असाच बोर्ड असेल तर चॅनल बदला, असं लिहिलंय.”

“इथं कुठला आलाय दुसरा बोर्ड? चालतंय ना? मग बोट लावायचं नाही! दुकानदारानंही हेच सांगितलंय.”

त्याचं बोलणं संपायच्या आत बोर्डावरचा आकडा बदलला. २१ – ३!

तिघंही थिजले. लॅपटॉपवर अजून शून्य-शून्यच होतं. विश्वजीतचे दोन्ही हात हवेत होते.

“मी नाही! आईशप्पथ, मी हातसुद्धा लावला नाही!”

“भूत!” रामप्रसाद भिंतीवर उभाच राहिला.

“भरदुपारी कुठलं आलंय भूत?” प्रांजली म्हणाली खरी, पण तिच्याही अंगावर काटा आला होता. विश्वजीतनं पुन्हा शून्य-शून्य केलं. दोन मिनिटांत बोर्ड म्हणाला, ०९ – ४! पुन्हा शून्य केलं. थोड्या वेळानं, १२ – ३!

तेवढ्यात रस्त्यापलीकडून हॉर्न वाजला. तिथं टँकर भरायचं केंद्र होतं. दुष्काळातल्या सगळ्या गावांचे, वस्त्यांचे टँकर तिथून भरून सुटायचे.

“रामप्रसाद, आत्ता बाहेर पडला त्या टँकरचा नंबर काय?”

“बारा!”

प्रांजलीनं बोर्डाकडे पाहिलं. १२! मग तिनं कागदाकडे पाहिलं. मग ती जी पळत सुटली ती थेट केंद्राच्या फाटकाशी. आत पाहिलं आणि तिचा ‘आ’ वासला तो मिटेचना. ऑफिसच्या भिंतीवर हुबेहूब तसाच बोर्ड लटकत होता! डावीकडे टँकरचा नंबर, उजवीकडे आजची कितवी खेप. आणि चार ड्रायव्हर त्याच्याखाली डोकं खाजवत उभे होते, कारण त्यांच्या बोर्डावर मध्येच शून्य-शून्य येत होतं.

“जुळे भाऊ आहेत रे ते!” परत येऊन ती धापा टाकत म्हणाली. “त्यांनीबी चॅनल बदलला नाय, आपणबी नाय! त्यांचा आकडा आपल्याकडं येतो, आपला त्यांच्याकडं जातो!”

तिघं पोट धरून हसले. भूत पकडलं गेलं होतं. विश्वजीत चॅनल बदलायला बसला, आणि बोर्डावर आलं, १७ – २.

“थांब!” प्रांजलीनं त्याचा हात धरला. “सतरा! सतरा म्हणजे आमचा टँकर! पुंजारामकाकांचा! आणि दुसरी खेप... रामप्रसाद, आज दुसरी खेप सुटली!”

बिरोबावस्तीला दिवसाला दोन खेपा ठरलेल्या होत्या. सकाळची यायची, पण चार दिवस झाले, संध्याकाळची आलीच नव्हती. “केंद्रावरच पाणी कमी पडतंय, बाय,” पुंजारामकाका रोज सांगायचे. आणि काल प्रांजलीनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, घरच्या म्हाळसाबाई आजीनं आपल्या वाट्याचा तांब्या उचलला आणि तान्ह्या करडाच्या तोंडाला लावला. ‘मला तहान नाय,’ म्हणाली होती. त्या उन्हात!

“पळ, रामप्रसाद! आजीला सांग, हंडे मांडून ठेव म्हणावं!”

रामप्रसाद भिंतीवरून उडी मारणार, तोच केंद्राचं फाटक उघडलं. सतरा नंबर बाहेर आला. वस्तीचा रस्ता उजवीकडं होता. सतरा नंबर डावीकडं वळला आणि घरघरत सरळ मैदानात शिरला!

टँकरवरचा ‘पिण्याचे पाणी’ असा कापडी फलक गुंडाळून वर बांधला होता. पुंजारामकाका खाली उतरले, पाइप सोडला आणि धो धो पाणी कबड्डीच्या मातीवर पडू लागलं.

चार दिवस ती इथं साडेपाचला यायची, तेव्हा माती भिजलेली असायची. अनवाणी पाय त्या ओलीत रोवून ती मॅच बघायची. किती गार वाटायचं! ते पाणी आजीच्या हंड्यातलं होतं. आपण त्याच्यावर उभे होतो, या विचारानं तिला रडूच फुटलं.

“काका, हे आमचं पाणी हाय ना?”

पुंजारामकाका चपापले. मान वर करेनात. “तात्यासाहेब म्हणले, मैदान रोज भिजवायचं. पोरांचे गुडघे फुटतात. त्यांना नाय कोण म्हणणार, बाय?”

“अन् आम्हाला खोटं सांगितलं?”

काकांनी पाइप दुसऱ्या बाजूला वळवला.

तिघं धावत मांडवात गेले. तात्यासाहेब पाहुण्यांसाठी फेटे मोजून घेत होते. विश्वजीतनं एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी निम्मंच ऐकलं.

“पाणी मारा म्हणलो मी. कुठलं मारा, ते मी कशाला बघू? जा, मॅच बघा.”

“आजोबा, पण ऐका तरी—”

“विश्वजीत! तुला एकच काम दिलंय. स्कोअर सांभाळ!”

बाहेर आल्यावर प्रांजलीनं डोळे पुसले.

“तात्यासाहेब काय म्हणले? स्कोअर सांभाळा. मग सांभाळू की! खरा स्कोअर!”

विश्वजीतला कळायला वेळ लागला नाही, आणि कळल्यावर त्याचा चेहरा पडला. सगळ्या गावासमोर, आपल्याच आजोबांचं... त्यानं एकदा मांडवाकडं पाहिलं, एकदा भिजलेल्या मातीकडं. मग लॅपटॉप तिच्यापुढं सरकवला.

“टीमची नावं मराठीत टाकता येतात,” तो हळूच म्हणाला. “वरचं तिसरं बटण. अन् चॅनल तसाच ठेव.”

साडेपाचला मैदान माणसांनी फुललं. एका बाजूला शेंद्र्याचा संघ, दुसऱ्या बाजूला देवगाव रंगारीचा. पाहुणे फेटे बांधून बसले. तात्यासाहेबांनी माइक घेतला. “मंडळी, आपल्या भागात पहिल्यांदाच! इलेक्ट्रॉनिक स्कोअरबोर्ड!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवत वळून पाहिलं. बोर्डावर ठळक अक्षरांत होतं:

मैदान ५ – बिरोबावस्ती ०

टाळ्या अर्ध्यावरच राहिल्या.

“ही कुठली टीम?” “अन् मॅच कधी झाली?” “पाच-शून्य? लई वाईट हरली की वस्ती!”

तात्यासाहेब काही बोलणार, तोच गर्दीतून केंद्रावरचे रामहरी भाऊसाहेब वाट काढत आले. पेन कानावर, रजिस्टर काखेत, चेहरा लालबुंद.

“माझ्या बोर्डावर कोण खेळ मांडतंय? टँकरचा नंबर टाकतो, तो पुसून पुन्हा दिसतंय काय, तर मैदान पाच, बिरोबावस्ती शून्य! शून्य कामून? रोज दोन खेपा सोडतो मी बिरोबावस्तीला! सतरा नंबर! सह्या आहेत!”

प्रांजली उठून उभी राहिली. ती मोठ्यानं बोलली.

“तुम्ही सोडता, भाऊसाहेब. पण सांजची खेप पाच दिवस झाले वस्तीवर पोचलीच नाय. ती कुठं गेली, ते तुमच्या पायाखाली बघा!”

शेकडो माना खाली गेल्या. ओल्या मातीत शेकडो पाय होते. तात्यासाहेबांनी आपल्या चिखलानं भरलेल्या वहाणा पाहिल्या आणि त्यांच्या हातातला माइक खाली आला. कोपऱ्यात उभे असलेले पुंजारामकाका हात जोडून म्हणाले, “चुकलं, साहेब. पोरगी खरं बोलतीय.”



“पोरी,” तात्यासाहेब हळू आवाजात म्हणाले, “मला आधी का नाय सांगितलंस?”

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणले, मॅच बघा.”

तात्यासाहेबांनी डोक्यावरचा मानाचा फेटा काढून टेबलावर ठेवला. इतक्या वर्षांत त्यांना कुणी असं मान खाली घालून उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

“मंडळी, फायनल थांबवा. पुंजाराम, गाडी माझ्या विहिरीवर घे. पुरुषभर पाणी आहे अजून. भर टँकर!”

केबिनमध्ये पुंजारामकाकांच्या शेजारी तात्यासाहेब आणि त्यांना खेटून तीन पोरं, असा सतरा नंबर बिरोबावस्तीवर पोचला. हंडे, कळश्या, बादल्या घेऊन बायाबापड्या धावल्या. म्हाळसाबाई आजीनं आधी शेळ्यांचं घमेलं भरलं, मग कुठं स्वतः ओंजळ लावली आणि घटाघटा प्यायली. ‘तहान नाय’ म्हणणारी आजी! प्रांजली तिच्याकडं बघतच राहिली.

“म्हाळसाबाई, मी डोळे झाकून हुकूम सोडला,” तात्यासाहेब म्हणाले. “या तिघांनी माझे डोळे उघडले. माझ्या नातवानं आजोबाकडं बघितलं नाय, खऱ्याकडं बघितलं. छाती भरून आली माझी.”

विश्वजीतनं घाईघाईनं डोळ्यांत कचरा गेल्याचं सोंग केलं. आजीनं प्रांजलीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. “माझ्या बायनं मुक्या आकड्यालाबी बोलाया लावलं!”

मैदानावर परतले तेव्हा दिवस कलला होता आणि माती सुकली होती. देवगाव रंगारीचा कप्तान म्हणाला, “गुडघे फुटले तर फुटू द्या. आम्ही कोरड्यावरच खेळणार!” शेंद्र्याची पोरंही हो म्हणाली.

“मग आता चॅनल बदलते,” प्रांजली लॅपटॉपजवळ बसत म्हणाली. “फायनलचा स्कोअर लावायचाय.”

“अजिबात नाय!” तात्यासाहेब कडाडले. “रोज संध्याकाळी एक टँकर माझ्या विहिरीवरून जाईल. पाचाला पाच होईस्तोवर त्या बोर्डाला बोट लावायचं नाही!”

“अन् फायनलचा स्कोअर?” विश्वजीतनं विचारलं.

“फळ्यावर लिही.”

“अन् माझे टँकरचे नंबर?” रामहरी भाऊसाहेब रडवेले झाले.

“तुम्हीबी खडू घ्या, भाऊसाहेब!”

सगळं मैदान खो खो हसलं. प्रांजलीनं एक बटण दाबलं. मैदान ५ – बिरोबावस्ती १. आणि फायनल सुरू व्हायच्या आधीच लोकांनी अशी आरोळी ठोकली, की भिंतीवर बसलेला रामप्रसाद पडता पडता वाचला.