मावशीचे दात

जुन्या फोटोंच्या साइटी उघडल्या की नंतर हात धुवावेत, असं माझं प्रामाणिक मत आहे. 'शंभर वर्षांपूर्वीचे दुर्मीळ फोटो' वाचून आत जावं, तर पहिल्या आणि दुसऱ्या फोटोच्या मध्ये जाहिरातीतलं बुरशी लागलेलं अंगठ्याचं नख, तिसऱ्याखाली कानातून निघालेला मळ, आणि बंद करायची फुली इतकी बारीक की बोट नेमकं नखावरच पडतं. मी दहावीत आहे, यंदा वक्तृत्वात पहिली आले, कुणाच्या बापाला भीत नाही. पण त्या नखाला भिते.

तरी गेले. आजोबांसाठी.

आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचा डावा डोळा केव्हाच गेलाय. उजव्याचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. टाळलंत तर हाही जाणार, आणि केलंत तरी हमी नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. त्यावर आजोबांनी एकच मागणं केलं, "त्याआधी बबीला एकदा नीट बघू दे."

बबी म्हणजे माझी सख्खी मोठी मावशी, जी माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे. सहाव्या वर्षी तापात गेली, तेव्हा आई जन्मलीही नव्हती. तिचा एकुलता एक फोटो आजोबांच्या टेबलावर असतो. स्टुलावर ताठ बसलीय, गुडघ्यांवर दोन्ही हात. कधीतरी फ्रेममध्ये ओल शिरली आणि फोटो काचेला चिकटला, तोही नेमका तोंडापाशी. नाकाखालपासून हनुवटीपर्यंत तपकिरी डाग, थंड दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला. मी काच उचकटायला गेले तर आजोबा ओरडलेच.

"हात लावू नकोस, वकीलबाई! चेहरा काचेवर राहील आणि तुझ्या हातात नुसता कागद."

म्हणून बुधवारी दुपारी मी काचेवरूनच मोबाइलने फोटो काढला आणि डाग घालवून देणाऱ्या एका फुकट साइटवर चढवला. कुकीज स्वीकारा, सूचना स्वीकारा, अटी स्वीकारा. सगळं स्वीकारलं, न वाचता, जसं सगळेच करतात. मध्ये दोनदा ते नख येऊन गेलं.

फोटो मात्र सुरेख आला. डागाच्या जागी घट्ट मिटलेले, जरासे फुगलेले ओठ. आजोबांनी डोळ्याला घड्याळाचं भिंग लावलं आणि मोबाइलवर इतके वाकले की नाक काचेला टेकलं.

"तिचेच," ते म्हणाले. "फोटोवाला 'हस, हस' म्हणून दमला, पण हिने तोंड उघडलं नाही."

"का?"

"होतं तिचं काहीतरी," म्हणाले आणि डोळे पुसायला लागले. मीही गप्प बसले. हे माझ्या बाबतीत फार घडत नाही.

गुरुवारी शाळेतून आले तर मोबाइलवर सूचना: 'तुमचा फोटो आणखी सुधारला आहे.'

मी काही मागितलं नव्हतं. उघडलं. मावशीचे ओठ विलग झाले होते. आत वरचे पुढचे दोन दात नव्हते. त्या जागी गुलाबी, ओली फट. फोटो काळापांढरा होता, तोंड तेवढं रंगीत.

मी आजोबांना मुद्दाम काही न सांगता मोबाइल दिला. त्यांनी भिंग लावलं.

"फोटोच्या आदल्याच दिवशी पडले होते दोन्ही. म्हणून तोंड उघडत नव्हती." मग माझ्याकडे वळून, "तुला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही. आईलाही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी पुन्हा सूचना. हिरडीत दोन पांढरी टोकं दिसत होती. शनिवारी दात अर्धे वर आले होते. पूर्ण वाढ झालेल्या माणसाचे, रुंद, कडेला करवतीसारखे, त्या एवढ्याशा तोंडात. खालच्या ओठावर लाळ साचली होती. आई प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर लोकांच्या थुंकी-लघवीचे नमुने तपासून घरी येऊन दोन घास जास्त जेवणारी बाई. तिने एकदाच पाहिलं आणि मोबाइल पालथा घातला.

"शी! काय घाणेरडं आहे हे? हे माझ्या बहिणीचं तोंड?"

"तुझ्या बहिणीचंच," आजोबा म्हणाले. "दात येतायत तिचे. मी सोमवारी जाणार नाही."

"बाबा, डोळा जाईल!"

"जाऊ दे. पट्टी बांधून आठवडा पडून राहू, आणि इकडे तिचे दात येऊन जातील? पुरते येऊ देत, मग बघू."

आई स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत राहिली. मी वाद घातला. वक्तृत्वातली पहिली मी, पण माझं एक वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं असेल तर शपथ. ते भिंग लावून त्या हिरड्याच बघत होते.

रविवारी सकाळी मी ते खातं बंद करायला बसले.

बंद करायचं बटण सातव्या पानावर, राखाडीवर राखाडी. 'नक्की?' हो. 'आम्हाला तुमची आठवण येईल.' येऊ दे. मग नेहमीची कटकट: तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. नऊ चौकोन. 'ज्यांत तोंड आहे ते निवडा.'

एकातही माणूस नव्हता. नळ, बूट, भिंत, जिना, उशी, असलंच. मी काही न निवडता पुढे गेले. 'चूक. पुन्हा प्रयत्न करा.'

पुन्हा तेच नऊ. या वेळी नीट पाहिलं. बुटाची जीभ बाहेर होती आणि तिच्यामागे काहीतरी ओलं होतं.

बूट निवडला. भिंतीच्या भेगेत हिरडी. निवडली. उशीच्या चुणीत.

आठ झाले.

'शेवटची पायरी.'

आता नऊ चौकोन मिळून एकच फोटो होता. स्टूल, गुडघे, हात. तोंड मधल्या चौकोनात. बंद.

मी बोट ठेवलं.

काच दबली.

ती मऊ होती आणि कोमट. बोट पेरभर आत गेलं, आणि दोन बाजूंनी कुणीतरी ते हलकेच धरलं.

मी ओढून घेतलं. काच जशीच्या तशी. 'धन्यवाद. तुम्ही माणूस आहात. तुमचं खातं बंद झालं आहे.' बोट ओलं होतं. मी वास घेतला नाही. खोटं कशाला बोलू, घेतला. नासलेल्या दुधाचा. आठ वेळा साबण लावला.

"साइट बंद झाली, आजोबा," मी सांगितलं. मी केली, हे नाही सांगितलं. त्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "बरं. मग थांबून काय करू?"

सोमवारी ऑपरेशन झालं, उत्तम झालं. आठवड्याने पट्टी सुटली. घरी आल्यावर आजोबांनी खिडकीपाशी खुर्ची ओढली, आईच्या साडीवरचं एकेक फूल मोजलं, माझ्या कपाळावरची पुटकुळी दाखवून हसले. आई रडत होती. मग त्यांनी फ्रेम मागितली.

मी आणून दिली. काचेला चिकटलेला तोच फोटो, तोच तपकिरी डाग. आजोबांनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं आणि तोंडभर हसले.

"आले की गं सगळे!"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी वाकून पाहिलं. डाग होता, दुसरं काही नाही.

"वकीलबाई, काच पूस जरा. धुरकट झालीय तोंडापाशी."

मी ओढणीने पुसली. डागावर बोराएवढा धुकट ठिपका होता, तो पुसला गेला नाही. आतून होता. माझ्या डोळ्यांदेखत विरला आणि पुन्हा आला. मला वाटलं, मी जवळ वाकलेय, माझाच श्वास लागत असेल.

मी श्वास रोखून धरला.

ठिपका विरला. मग पुन्हा आला.