पानाच्या तळाशी

खऱ्या त्यागाला मोबदल्याची अपेक्षा नसते, असं ताईचं ठाम मत होतं. आणि ती अपेक्षा न केल्याला येत्या बुधवारी एकतीस वर्षं पूर्ण होणार, हेही तिच्या पक्कं लक्षात होतं.

त्या सकाळी धाकटा भाऊ जेवणाच्या टेबलाशी वर्तमानपत्रातला स्वतःवरचा लेख मोठ्याने वाचत होता, आणि समोर ताई शाईच्या दौतीचं बूच काढत होती... प्रत्येक रचनेत ऐन वादळात येणारी ती चार मात्रांची शांतता म्हणजे या कलावंताच्या आत्म्याचा उंबरठा होय, असं समीक्षकाने लिहिलं होतं.

ताईला तो उंबरठा चांगला ठाऊक होता. तो तिनेच घातला होता.

शेजारीपाजारी एके काळी ज्याला भोंगा म्हणायचे, तो हा भाऊ. हॉटेलात नाचणाऱ्यांसाठी ट्रम्पेट वाजवता वाजवता एक दिवस त्याने ठरलेल्या चाली सोडल्या, आणि नऊ वाद्यांसाठी असं काही जॅझ लिहिलं, की नाचणारे नाच विसरून ऐकत उभे राहिले आणि मालकाने त्याला काढून टाकलं. ओठ सुजेपर्यंत त्याचा रियाज चाले. आणि खरंच, एकदा सूर लागला की भांडायला वर आलेली माणसंसुद्धा जिन्यातच बसून घ्यायची! त्या सुरासाठी ताईने नकाशांच्या कचेरीतली कायमची नोकरी सोडली. मोत्यासारख्या अक्षरात नऊ वादकांच्या सुरावटींचे नऊ कागद तीच उतरवायची. पण हा पठ्ठ्या कुणाला श्वास घ्यायलाही जागा ठेवायचा नाही. वादकाने पान उलटायचं कुठल्या हाताने? म्हणून पहिल्याच रचनेत, पानाच्या तळाशी, तिने नवांनाही एकदमच चार मात्रा गप्प बसवलं. कुणाला न विचारता. आणि पुढे दर वेळी.

नंतर मानसन्मान आले. प्रत्येक भाषणात त्याने आभार मानले... गुरूंचे, वादकांचे, एकदा तर ओठाच्या मलमाचे. ताईचे कधीच नाही.

"ताई, उद्या रेडिओवाले विचारणार, ही शांतता आली कुठून म्हणून. काय सांगू?"

एकतीस वर्षांचं सगळं ताईच्या ओठांवर आलं. पण बोललं तर त्याच्या आत्म्याचं काय उरणार?

"दुःखातून आली, सांग. त्यांना आवडतं तसलं."

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. "पान उलटायला ठेवली होतीस ना?"

दौत कलंडली.

"पहिल्याच तालमीत कळलं होतं. ओरडणारच होतो तुझ्यावर. पण त्या चार मात्रांत, मी काय लिहिलंय ते मला पहिल्यांदा ऐकू आलं गं... तेव्हापासून तुझं पान कुठे संपेल ते मोजूनच लिहितो."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस रे?"

"तू गुपचूप करत होतीस. मला कळलंय हे तुला कळलं असतं, तर थांबली असतीस."

ताईच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्याने शाई शर्टाच्या बाहीने पुसली, आणि त्यावरूनही ती रडता रडता त्याला बोललीच.

रेडिओवर त्याने सगळं सांगितलं. पुढे त्याच्या रचनांचं पुस्तक निघालं, तेव्हा पहिल्या पानावर त्याच्या नावाशेजारी, तेवढ्याच मोठ्या टायपात, ताईचं नाव होतं. पुस्तकाचा आकार मात्र प्रकाशकाने कपाटात मावावा म्हणून लहान केला. आता पान ऐन धामधुमीत उलटावं लागतं, आणि त्या चार मात्रांत वादक नुसते बसून असतात.