तळघरातलं एकसष्ट सालचं रीळ

"माझ्या भावावर मी रचलेलं गाणं, आणि मीच ते चोरलं म्हणतात!" लव्हिनिया टलनं बॅन्जोची पेटी लोकांची अशी कोडी सोडवणाऱ्या रूथ झेलनिकच्या टेबलावर आदळली.

१९६४चं न्यूयॉर्क. होबार्ट नावाचा दिग्दर्शक लोकगायकांवर चित्रपट काढत होता. गायक वेस्ली क्रेननं त्याला एक रीळ आणून दिलं होतं. कार्माइनच्या तळघरातल्या कॉफीगृहात क्रेन खाणकामगाराचं गाणं म्हणतोय आणि मागे १९६१चं कॅलेंडर. लव्हिनियानं ते गाणं रचलं बासष्टमध्ये, भाऊ कोळशाच्या खाणीत दगावला तेव्हा.

"रविवारी चित्रपट दाखवतील. मग मला कोण गाऊ देणार, बाई?"

रूथ आपला मित्र बार्नी याला घेऊन कार्माइनकडे गेली. एका पोरीचं गाणं संपलं. बार्नी भीतभीत टाळ्या वाजवू लागला.

"वाजवा हो खुशाल!" कार्माइन हसला. "वरची म्हातारी यंदा जानेवारीत लेकीकडे राहायला गेली. त्याआधी टाळी वाजली की पोलीस दारात! झरोक्यातून आवाज थेट तिच्या उशाशी जायचा. चार वर्षं लोक नुसत्या चुटक्या वाजवत होते."

"क्रेन तेव्हा गायचा इथं?" रूथनं विचारलं.

"शेकडो आले, शेकडो गेले. कोण लक्षात ठेवतो?"

दुसऱ्या दिवशी होबार्टनं कार्माइनच्या तळघरातच सगळ्यांसमोर रीळ लावलं. गाणं संपताच पडद्यावरची गर्दी टाळ्या पिटत उठली.

"खलास," बार्नी कुजबुजला. "कॅलेंडर स्पष्ट दिसतंय."

"तू कॅलेंडरच बघ," रूथ म्हणाली. "मिस्टर क्रेन, एकसष्टमध्ये रोज अशीच दाद मिळायची?"

"रोज! टाळ्यांनी छप्पर हलायचं."

कार्माइन खो खो हसत सुटला. "अरे बाबा, एकदा हललं असतं तर मी तुरुंगात असतो!"

"जुनं कॅलेंडर कुणीही टांगेल," रूथ म्हणाली. "पण त्या साली या तळघरात बसणारा प्रत्येक जण चुटक्या वाजवायचा. रिळात टाळ्या वाजताहेत त्या यंदाच्या, जानेवारीनंतरच्या. तेव्हा इथं गायलेल्या माणसाला हे सांगावं लागलं नसतं."

क्रेनचा चेहरा उतरला. "गाणं चांगलं होतं," तो पुटपुटला. "मला तसं एकही सुचत नव्हतं."

होबार्टनं रीळ उतरवलं. "याला हाकलतो. लव्हिनियाबाई, कॅमेरा तयार आहे."

"हाकलू नका." लव्हिनियानं बॅन्जो मांडीवर घेतला. "त्याला इथं, माझ्यासमोर बसवा. माझा भाऊ कसा गेला ते पुरतं ऐकू दे."